भामाबाईच्या पायाचं पीक

बाजारच्या दिवशी सकाळी मी बाटली घेऊन खाटकाकडे जायचो, मेंढीचं रक्त आणायला. ऐकताना तुम्हाला कसंसंच होईल, पण तेव्हा मला ते दूध आणण्यासारखंच वाटायचं. बाटलीत काचेचे मणी टाकलेले असत. रक्त भरलं की बाटली सारखी हलवत राहायचं, म्हणजे ते गोठत नाही. भर बाजारातून बाटली खुळखुळवत मी दवाखान्यात यायचो आणि ओळखीची माणसं बाजूला सरून वाट द्यायची.

बारामतीला तेव्हा एक धर्मादाय दवाखाना होता. त्याच्या मागच्या अंगाला एक खोली होती, तिला डॉक्टर प्रयोगशाळा म्हणत आणि गावातले लोक काचेची खोली म्हणत. मी मूळचा सांगवीचा. पुण्यात दोन वर्षं जंतू ओळखायचं काम शिकलो आणि त्या खोलीत लागलो. काम तसं सोपं होतं. जखमेतला पू कापसाच्या काडीवर घ्यायचा. मटणाचं पाणी चायना गवत घालून खरवसासारखं थिजवायचं, त्यात चार थेंब रक्त घालायचं, आणि काचेच्या बशीतल्या त्या थरावर काडी फिरवायची. मग बशी उबवणपेटीत ठेवायची. पेटी तांब्याची होती, दुहेरी भिंतीची. भिंतींच्या मध्ये पाणी असे आणि खाली रॉकेलची चिमणी तेवत असे. माणसाच्या अंगाला असते तेवढी ऊब आत राहिली की दुसऱ्या दिवशी बशीत काहीतरी उगवलेलं दिसायचं.

चौतीस सालचा माघ महिना होता. मी रक्त घेऊन परतलो तेव्हा आवारात लिंबाखाली एक बैलगाडी सोडलेली होती. गाडीत चाळिशी उलटलेली एक बाई पाय पसरून बसली होती, डाव्या पायाला हळदीचं फडकं गुंडाळलेलं. ती अंथुर्ण्याची भामाबाई. तिचा नवरा झुंबर बैलांना पाणी दाखवत होता. कालव्याच्या पाण्यावर वांगी आणि मिरची करणारी ही माणसं. बाई अंगानं खंगली होती, पण डोळे हसरे होते.

खळदकर डॉक्टरांनी फडकं सोडलं. तळव्याचा पुढचा भाग काळा पडला होता आणि करंगळीखाली खोल भोक होतं. अंगठ्याशेजारच्या सुजलेल्या बोटात जोडवं रुतलं होतं.

"हे कशानं झालं?"

"चुलीतला निखारा पडला असंल," ती म्हणाली. "मला कुठं कळतंय? वास आला तवा खाली बगितलं."

डॉक्टरांनी टाचेत सुई टोचली. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. सुई आणखी आत गेली तरी तिची पापणी हलली नाही.

"लघवीला मुंग्या लागतात का?"

"लागत्यात की. तीन वरसं झाली. ह्यो पाय न्हवंच आता डागदरसाहेब, लाकूड हाय."

मी कापसाची काडी जखमेत फिरवली. ती वाकून बघायला लागली. "ह्याचं काय करनार, लेकरा?"

"पेरणार," मी म्हणालो. तिला कळावं म्हणून तोच शब्द तोंडात आला.

ती खळखळून हसली. "आवं ऐकलं का? माझ्या पायाचं पीक काडनार हायती. उगवलं तर सांग रं बाबा."

ती दवाखान्यात राहायला तयार झाली नाही. वांग्याची तोडणी तोंडावर आली होती. गाडी गेल्यावर डॉक्टर माझ्या खोलीत आले. "जोतीराम, नुसते सोनेरी ठिपके उगवले तर मी थांबेन. दुसरं काही निघालं तर पाय काढावा लागेल. मला अंदाज नकोय, नाव हवंय."

दुसऱ्या दिवशी मी बशी उजेडात धरली. सोनेरी ठिपके होते. पण त्यांच्यावरून काहीतरी पसरलं होतं. राखी रंगाचा पातळ पापुद्रा, एकात एक वळी, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी. काही जंतू जागचे हलत नाहीत, जिथं पेरावेत तिथंच वाढतात. हा त्यातला नव्हता. हा थोडा पुढे सरकतो, थांबतो, दम खातो आणि पुन्हा सरकतो. प्रत्येक मुक्कामाची एक वळी उमटते. वास सडक्या मासळीसारखा येतो. मी काचपट्टी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली घातली. लाल काड्या होत्या. न रंगवता पाहिलं तर त्या वळवळत होत्या, एक क्षण स्थिर नाहीत. प्रोटियस. नाव सापडलं होतं. मी ते कागदावर लिहिलं आणि माझ्या लक्षात आलं, की मी एका बाईचा पाय लिहून दिला.

त्याच दुपारी मी जेवायला गेलो असताना उबवणपेटीची चिमणी भडकली. परत आलो तर काच काळी झाली होती आणि पारा पंधरा-सोळा डिग्री वर चढला होता. मी घाईनं वात खाली केली, दार उघडून पंख्यानं वारा घातला. पाव घटकेत सगळं ठिकाणावर आलं. कुणाला सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तीच बैलगाडी आली. डॉक्टरांनी चार दिवसांनी बोलावलं होतं, ही दोनच दिवसांत. झुंबरचे डोळे तारवटले होते.

"काल दिवस डोक्यावर असताना ही वरडाय लागली," तो म्हणाला. "पाय भाजला, पाय भाजला म्हनून. आवं, चूल इझलेली. मी पाय बादलीत घातला तरी वरडायची थांबंना. मंग आपसूक थांबली."

डॉक्टरांना ते चांगलं लक्षण वाटलं. शिरा जाग्या होत असतील. त्यांनी पुन्हा सुई टोचली. भामाबाईनं मान हलवली.

"ह्यो न्हवं," ती म्हणाली. "ह्याला अजून बी काय कळत न्हाय. दुसरा हाय... ह्याच्या बाजूला."

तिला वॉर्डात ठेवलं. वॉर्ड म्हणजे आवारापलीकडची एक लांब खोली, सहा खाटांची. त्या संध्याकाळी मी पसरणाऱ्या जंतूला बाकीच्यांपासून वेगळं केलं आणि चार नळ्यांमध्ये पेरलं. पहिली बशी आणि चार नळ्या, असे पाच नग पेटीत होते. सकाळी वॉर्डात गेलो तेव्हा ती उशीला टेकून बसली होती. तिनं मला जवळ बोलावलं.

"लेकरा, काल एकच व्हता. आज पाच झालं."

"काय पाच झालं, मावशी?"

"पाय."

मी खोलीत आलो, दार लावलं आणि एक नळी पेटीतून काढून पाण्याच्या माठाखालच्या ओल्या वाळूत रोवली. अर्ध्या तासानं, पट्टी बघायचं निमित्त करून पुन्हा वॉर्डात गेलो. तिनं अंगावर घोंगडी ओढली होती.

"एक गारठलाय," ती म्हणाली. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. "बाकीचे चार उबंला हायती. नुस्ते चालत्यात. जागच्या जागी चालत्यात. मला डोळा लागू देत न्हाईत."

असली गोष्ट अंगावर आली की माणूस आधी पळत नाही, आधी मोजमाप करतो. निदान मी तसं केलं. त्याच दिवशी ती वाळूतली नळी कापसात गुंडाळून, पत्र्याच्या डब्यात बंद करून मी पुण्याच्या प्रयोगशाळेकडे पाठवली. नाव पक्कं करून घ्यायचं, हे कारण खरंच होतं. डबा दुपारच्या छोट्या गाडीनं दौंडकडे गेला. गाडीची शिट्टी झाली तेव्हा मी वॉर्डाच्या दारात उभा होतो. भामाबाईनं दोन्ही हातांनी खाटेची कड धरली.

"हादरतोय... एक हादरतोय. खडखड, खडखड."

दुसऱ्या दिवशी नऊच्या सुमाराला ती किंचाळली. मी धावत गेलो. तिच्या कपाळावर घामाचे थेंब होते.

"गाडीतला इझला," ती म्हणाली. "लई भाजला, अन् इझला. आता चार ऱ्हायले."

त्याच्या पुढच्या दिवशी डॉक्टरांनी तिचा पाय गुडघ्याखाली काढला. नाव मी दिलंच होतं. क्लोरोफॉर्म देताना तिनं माझा हात धरला होता. काढलेला पाय मी आणि झुंबरनं पोत्यात गुंडाळून कऱ्हा नदीच्या काठी ओल्या वाळूत नेला आणि तिथंच जाळला. झुंबर ज्वाळेकडे पाठ करून बसला होता. भर दुपार असूनही सरपण नीट पेटेना, तासभर आम्ही तिथं होतो. परत आलो तेव्हा ती शुद्धीवर आली होती.

"काही कळलं का, मावशी?" मी हळूच विचारलं.

"कशाचं?"

"आत्ता... दुपारी?"

"न्हाय बा." मग ओठ ओले करून ती म्हणाली, "ते चार हायती अजून."

खरा पाय जळून राख झाला आणि तिला त्याची कुणकुण नव्हती. माझ्या पेटीतला पारा दोन डिग्री वर गेला की मात्र ती आवारापलीकडे कण्हायची. मी दिवसातून दहा वेळा पारा बघायला लागलो. जेवताना उठायचो, पूजेतून उठायचो. वातीकडे टक लावून बसायचो.

आठवड्यानं पुण्याचं पत्र आलं. तुमची नळी फुटलेल्या अवस्थेत पोचली, धोका नको म्हणून न उघडता सकाळीच भट्टीत टाकली, पुन्हा पाठवावी. भट्टीत टाकल्याची तारीख ती किंचाळली त्याच दिवसाची होती. मी ते पत्र डॉक्टरांपुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला.

"पाय कापला तरी तो आहे असं वाटतं, जोतीराम. लढाईतून आलेल्या शिपायांचं मी पाहिलंय."

"पाच वाटतात, साहेब?"

त्यांनी पत्राची घडी घालून माझ्या हातात दिली. "पेटी रिकामी कर," ते म्हणाले. "सगळं उकळून टाक. काम झालं की उकळायचं हा नियमच आहे. तू अजून का ठेवलंस?"

उकळल्यावर तिचं काय होईल, याची मला भीती वाटत होती. शेवटी मी तिलाच विचारलं. झुंबर पाणी आणायला गेला होता. मी खाटेजवळ उकिडवा बसून सगळं सांगितलं. नळ्या, पेटी, चिमणी, सगळं. ती शांतपणे ऐकत होती. जणू तिला ते आधीच ठाऊक होतं.

"तितं उबंला ठिवलंस व्हय त्यांना," ती म्हणाली. "म्हंजी तूच सांभाळलंस."

"उकळायचं म्हणतात साहेब. तुम्हाला त्रास होईल, मावशी. किती होईल, मला माहीत नाही."

"आठ दिस झालं डोळ्याला डोळा न्हाय. चालून चालून जीव दमला माझा." तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "उकळ. एकदाच, अन् झटक्यानं. कारभाऱ्याला सांगू नगंस."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वाफेचं भांडं पेटवलं. पाण्याला आधण येईपर्यंत थांबलो, म्हणजे वेळ कमी लागेल. एक बशी, तीन नळ्या. झाकण घट्ट लावलं. आवार ओलांडून आवाज आला, तो माणसाचा वाटत नव्हता. मग झुंबरची हाक ऐकू आली, "भामे! आगं भामे!" मी दोन्ही कानांवर हात दाबून घड्याळाकडे बघत उभा होतो. नियम वीस मिनिटांचा. चौथ्या मिनिटाला आवाज थांबला. पुढची सोळा मिनिटं मी कशी काढली, ते मलाच माहीत. ती मेली, अशीच माझी खात्री झाली होती.

वॉर्डात गेलो तर ती झोपली होती. तोंड उघडं, श्वास संथ चाललेला. झुंबर तिचा हात धरून बसला होता. त्याच्या गालावर ओरखडे होते. "निजली," तो पुटपुटला. "निजली बगा." मी बाहेर येऊन लिंबाखाली बसलो आणि लहान मुलासारखा रडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला जाग आली तेव्हा मी तिथंच होतो. ती छताकडे बघत होती.

"सगळे गेले ना, मावशी?"

"ते चार गेलं," ती म्हणाली. "एक ऱ्हायलाय."

"नाही हो. एकसुद्धा नाही ठेवला. शपथ घेतो."

"ह्यो तुझ्यातला न्हवं. ते जागच्या जागी पाय आपटायचे. ह्यो चालतो." तिचा आवाज खाली गेला. "खरंच चालतो. कुठं तरी जातो, येतो..."

"आत्ता कुठं आहे?"

"वल्ल्या वाळूत..." तिनं माझं मनगट पकडलं. "थांबला. उगं बोलू नगं... त्याला ऐकू जातं."

त्यानंतर महिनाभर मी शोध घेतला. माझे हात, डॉक्टरांचे हात, झुंबरची नखं, वॉर्डाची फरशी, मोरी, खाटेचे पाय, बैलगाडीचं साटं, कऱ्हेच्या काठची राख, सगळीकडे काडी फिरवून मी बशा पेरल्या. माझ्या स्वतःच्या तळव्यांचीसुद्धा बशी केली. ठिपके आले, बुरशी आली. ते पसरणारं राखी वळ्यांचं रूप एकाही बशीत आलं नाही. मी बारामतीतून ते समूळ काढून टाकलं होतं.

जखम भरली, तशी ती घरी गेली. चैत्रात मी तिला बघायला अंथुर्ण्याला गेलो. ती ओट्यावर बसून मिरच्या निवडत होती, कुबडी शेजारी. तोंडावर तजेला आला होता. झुंबर म्हणाला, आता जेवते, निजते. तो आत गेला तशी ती माझ्याकडे झुकली.

"आज सारवलेल्या जिमिनीवर हाय. कुनाच्या तरी घरात. गार लागतंय." मिरचीचं देठ तिनं सावकाश खुडलं. "आदी भ्या वाटायचं. आता काय करनार? माजाच हाय न्हवं त्यो. पर मी सांगितलं तर ऐकत न्हाय."

वैशाखात झुंबर एकटाच दवाखान्यात आला. डोकं भादरलेलं होतं. दहावा करून तो आला होता. जखमेनं नाही, साखरेच्या आजारानंच ती गेली. दोन दिवस गुंगीत होती, मग श्वास लांब होत गेला. मी त्याला पाणी दिलं. त्यानं ते हातात धरून ठेवलं.

"शेवटाला शुद्ध आली घटकाभर," तो म्हणाला. "मी म्हनलं, भामे, काय होतंय? तर म्हनली, त्यो निघाला. मी म्हनलं, कोन? तर म्हनली, मला वाटलं मला न्यायला येतोय... न्हाय आला. दुसरीकडंच चाललाय." झुंबरनं माझ्याकडे पाहिलं. "कंपोंडर, तुमाला काय ठावं हाय का हे? कुनाबद्दल बोलत व्हती?"

मी नाही म्हणालो. खोटं बोललो.

त्याच आठवड्यात भिगवणच्या मालधक्क्यावरचा मुकादम मानसिंग दाखल झाला. पन्नाशीचा, भरदार अंगाचा, झुपकेदार मिशांचा. त्याच्या उजव्या टाचेला फोड फुटला होता. त्यालाही साखर. दोन्ही पाय बधिर. अंथुर्ण्याला तो जन्मात गेला नव्हता. भामाबाई कोण, हे त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. डॉक्टरांनी नमुना घ्यायला सांगितलं म्हणून मी कापसाची काडी घेऊन वॉर्डात गेलो. काडी अजून झाकलेल्या नळीतच होती. त्याच्या फोडाला कुणी हातही लावला नव्हता.

तो कण्हत होता.

"टाच दुखते का, मानसिंगराव?"

"न्हाय. ह्या दोनींना काय कळत न्हाय." त्यानं आजूबाजूला पाहिलं. शेजारच्या खाटा रिकाम्या होत्या. एवढा मोठा माणूस, पण लाजल्यासारखा कुजबुजला, "हसू नका... ह्यो तिसरा दुखतोय. परवापासनं आलाय."

मी काडीची नळी खाटेवर ठेवली. "कुठं दुखतो?"

"बोटात. अंगठ्याशेजारच्या." त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. तो मनातल्या मनात चाचपून बघत होता. "कायतरी रुततंय. बायकांच्या जोडव्यागत."

आणि त्यानं खाटेच्या कडेपलीकडे, रिकाम्या हवेत हात नेऊन, दोन बोटांच्या चिमटीनं काहीतरी सैल करायला सुरुवात केली.